एकोणिसाव्या पानावरच्या मुली

माझ्याकडे चुकांची एक वही आहे. छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. माझ्या डोळ्यांखालून गेल्यावरही जी चूक छापून बाहेर पडली, ती मी या वहीत उतरवत आलो. रकाने चार: पुस्तक, पान, चूक, आणि नुकसान कोणाचं. शेवटचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो. एका लग्नपत्रिकेत वार चुकला होता, तेव्हा मुलाकडच्यांनी छापखाना डोक्यावर घेतला. पण जेवायला सगळे बरोबर लग्नाच्याच दिवशी आले. व्याकरणाच्या एका पुस्तकात सोळा पानं उलटी लागली, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यावरून ते पुस्तक किती वाचलं गेलं, याचा मला अंदाज आला. छापखान्यातले लोक मला काना-मात्रा म्हणतात. तोंडावर म्हणतात, तेव्हा रागावण्यासारखं त्यात काही नाही.

चारशे बारावी नोंद मी याच महिन्यात केली. चूक चोवीस वर्षांपूर्वीची, सापडली आत्ता.

शाळेत अरबी शिकवणाऱ्या एका मास्तरांनी तेव्हा मुस्लिम बाळांच्या नावांची पुस्तिका आमच्याकडून छापून घेतली होती. अठ्ठेचाळीस पानं, हिरवं कव्हर, डावीकडे नाव आणि उजवीकडे अर्थ. आधी मुली, मग मुलगे. खपलीही चांगली. प्रसूतिगृहासमोरचा औषधवाला ती गल्ल्याशेजारी ठेवायचा आणि बाळंतिणीचे नातेवाईक गोळ्यांबरोबर उचलायचे. पुढे मास्तर गेले, पुस्तिका संपली, आणि आता मालकांनी ती पुन्हा काढायचं मनावर घेतलं. कॉम्प्युटरवर नव्याने टाइप करायची म्हणून मास्तरांचं हस्तलिखित माळ्यावरून खाली आलं. मी ते आणि जुनी छापील प्रत शेजारी शेजारी ठेवून बसलो, आणि एकोणिसाव्या पानावर माझी पेन्सिल थांबली.

त्या काळी आम्ही पान हाताने लावायचो. नावांची एक पट्टी, अर्थांची दुसरी, दोन्ही कागदावर शेजारी चिकटवायच्या. मी नावांची पट्टी तपासली होती, अर्थांचीही तपासली होती. दोन्हींत एक चूक नव्हती. चिकटवल्यानंतरचं पान मात्र मी पाहिलंच नव्हतं. अठराव्या पानावरचा शेवटचा अर्थ एकोणिसाव्याच्या माथ्यावर पुन्हा लागला होता, आणि तिथून खाली प्रत्येक अर्थ एकेक ओळ घसरला होता. एकवीस नावं, प्रत्येकीला वरच्या शेजारणीचा अर्थ. अगदी खालचा अर्थ कात्रीत गेला.

खदीजा म्हणजे वेळेआधी जन्मलेली. छापलं होतं 'विपुलता'. खालिदा म्हणजे चिरकाल टिकणारी. तिच्यासमोर 'वेळेआधी जन्मलेली'. खौला म्हणजे हरिणी. तिच्यासमोर 'चिरकाल टिकणारी'. त्याखाली गजाला. तिचाही अर्थ हरिणीच, त्यामुळे शेजारणीचं घेऊनसुद्धा ती एकटी बरोबर निघाली. परीक्षेत पुढच्या बाकावरचं बघून लिहिणाऱ्याचंही एखादं उत्तर बरोबर येतं, त्यातला प्रकार.

चोवीस वर्षांत एकही तक्रार नाही. ज्यांना अरबी येतं ते असली पुस्तिका घेत नाहीत, आणि जे घेतात त्यांचा मास्तरांवर भरवसा. शिवाय नावाचा अर्थ माणूस एकदाच बघतो, ठेवताना. पुढे त्या नावाला 'पुन्हा पाणी सांडलंस' आणि 'लवकर ये गं' हेच अर्थ उरतात.

तरी मी आठवडाभर गुपचूप शोध घेतला. आमच्या आसपास या पानावरच्या अकरा मुली सापडल्या. त्यांत चार जाहिदा. खरा अर्थ, जिला संसाराचा मोह नाही अशी. पुस्तिकेत 'डाळिंबाचं फूल'. एक जाहिदा ब्युटी पार्लर चालवते. दुकानात नऊ आरसे, आणि नऊही आरशांत स्वतःला पाहिल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला आत घेत नाही. ती छापील अर्थाला जागली. दुसरी शाळेत मुख्याध्यापिका, अंगावर घड्याळ सोडून काही नाही. ती हस्तलिखिताला जागली. उरलेल्या दोघींचीही अशीच वाटणी झाली आणि सामना बरोबरीत सुटला. खदीजा पाच, पण त्यांच्या घरी कोणी अर्थ पाहिलाच नव्हता. पैगंबरांच्या पहिल्या पत्नीचं ते नाव, एवढं थोर की त्याला आमच्या पुस्तिकेची शिफारस लागत नाही. गजाला एक. जुमाना मात्र एकही नाही. जुमाना म्हणजे मोती, पण तिच्या वाट्याला आलं 'संसाराचा मोह नसलेली', आणि आपल्या तान्ह्या मुलीला संसारातून उठवायला कुठले आईबाप तयार होतील?

अकरावी खौला. तिला शोधावं लागलं नाही. ती आमच्या आपांची मुलगी.

आपा आमच्याकडे बाइंडिंगला आहेत. छापलेले मोठे कागद घडी घालून, क्रमाने लावून, शिवून त्याचं पुस्तक करायचं, हे त्यांचं काम. मुलगी झाली तेव्हा आठवा महिनाही लागला नव्हता. वजन नऊशे ग्राम. छापखान्यात तिचं नाव पावशेर पडलं ते कायमचं. पुढे ती चांगली भरली, तरी नाव आपलं तेच. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की नावाची घाई करू नका. आपांना त्याचा अर्थ बरोबर समजला, म्हणून त्यांनी त्याच दिवशी घाई केली. पुस्तिका छापून पडली होती, बांधायची होती. आपांनी निरोप पाठवला की मुलींच्या नावांचा एक कागद द्या. तो नेऊन दिला मी. शाई पुरती सुकलीही नव्हती. त्यांनी वरून खाली बोट फिरवलं आणि 'चिरकाल टिकणारी'वर थांबवलं.

मुलगी टिकली. सात आठवडे आपा रोज दोन वेळा चालत जायच्या, तिला छातीशी धरून तासन्‌तास बसायच्या. पण श्रेय सगळं एकोणिसाव्या पानाला गेलं. ते पान त्यांनी कापून, चार घड्या घालून सुयांच्या डबीत ठेवलं. आपा तिला कधीच पावशेर म्हणत नाहीत. आजही मुलगी नुसती शिंकली तरी पूर्ण नावाने हाक मारतात, ठासून, जसं काही औषध पाजताहेत.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून वहीत नोंद केल्यावर चौथ्या रकान्यात मी 'आपा' असं लिहिलं, तेही पेन्सिलीने, आणि गप्प बसायचं ठरवलं. नव्या आवृत्तीत दुरुस्ती होईल, जुनं कोण काढतंय.

पण त्याच आठवड्यात पावशेर बाळंत झाली. मुलगी. एकतिसाव्या आठवड्यात, चौदाशे ग्राम. काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीवरच्या कार्डावर नुसतं आईचं नाव आणि पुढे 'ची मुलगी'.

दुसऱ्या दिवशी आपा माझ्या टेबलाशी आल्या. सुयांची डबी उघडली, घड्यांवर झिजलेलं ते पान माझ्यापुढे पसरलं आणि म्हणाल्या, "हे पान आम्हाला लाभलंय, भाऊ. यातलंच एक निवडून द्या. टिकणारं बघा."

चष्म्याचा नंबर बदललाय, नवा आला की बघतो, असं काहीतरी मी पुटपुटलो. नंबर बारा वर्षांत बदललेला नाही. पण सांगावं तर ज्या खुंटीवर या बाईने चोवीस वर्षं जीव टांगला, तीच उपटायची, आणि तीही नात पेटीत असताना. न सांगावं तर माझ्याच चुकीतून त्या दुसऱ्या बाळासाठी नाव उचलणार, आणि ते मला दिसत असणार.

दोन दिवस टाळून मी दवाखान्यात गेलो. म्हटलं, आधी पावशेरला सांगावं, ती आईला हळूच सांगेल. माणूस स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायला किती लांब चालत जातो, हे मी त्या दिवशी पाहिलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, हरिणी? मी? हसताना टाके दुखतात म्हणून पोट धरलं. मी पुढचं बोलणार तोच ती हसायची थांबली.

"मामू, मला काही वाटलं नाही. पण अम्मीला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी तिचं काहीतरी परत करतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे जेवायला गेल्यावर मी बाइंडिंगच्या टेबलापाशी गेलो. मास्तरांचं हस्तलिखित ठेवलं, शेजारी आपांनी माझ्याकडे सोडलेलं ते छापील पान ठेवलं, आणि खौलाच्या ओळीवर फूटपट्टी धरली. दोन पट्ट्यांचं सगळं सांगितलं. आपांनी दोन्ही वाचलं, पुन्हा वाचलं, आणि समोरच्या कागदांना घड्या घालायला लागल्या. मी मोजत होतो. अकरा घड्या झाल्या तेव्हा त्यांनी विचारलं, तुम्ही तपासलं होतं ना? नावं तपासली होती, मी म्हटलं, अर्थही तपासले होते.

"आणि पान?"

त्यांनी आणखी चार घड्या घातल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग तिला धरून कोणी ठेवलं?"

मी आकड्यांचा माणूस. धीर द्यायला मला शब्द सापडत नाहीत, आकडे सापडतात. म्हटलं, एकोणपन्नास दिवस, रोज दोन खेपा, अठ्ठ्याण्णव.

"नव्व्याण्णव," आपा म्हणाल्या. घरी आणलं त्या दिवशी तिची टोपी तिथेच राहिली होती. ती आणायला त्या पुन्हा गेल्या होत्या.

संध्याकाळी निघताना ते जुनं पान आपांनी टेबलावर तसंच सोडलं. मग दारातून परत आल्या, ते उचललं, घडी घातली, आणि डबीत न ठेवता पिशवीत टाकलं. रात्री त्यांनी काय विचार केला, कोणाशी बोलल्या, मला माहीत नाही.

सकाळी छापखाना उघडताना आपा आधीच पायरीवर बसलेल्या. नाव ठरलं, म्हणाल्या. खदीजा.

माझी सवय जात नाही. मी म्हटलं, आपा, त्याचा अर्थ... त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही. अर्थ त्यांना माहीत होता, कालच त्यांनी हस्तलिखितात तो वाचला होता. नाव थोर आहे, ते ज्यांचं होतं त्यांनी काय काय पेललं ते घराघरात माहीत आहे, आणि आमची आलीच आहे वेळेआधी, तर त्यात लपवायचं काय, असं त्यांचं म्हणणं. मागच्या वेळी घाबरले होते म्हणून नावाकडे मागणं मागितलं. या वेळी जे आहे तेच नाव ठेवायचं, आणि खेपा घालायला मुलगी आहे, मी आहे.

"आणि लवकर येणारी बरी, भाऊ. चोवीस वर्षं उशिरा येणारे तुम्ही आहातच."

तोवर बाकीचेही आले होते, हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. मशीनवाला दिवसभर ते इतरांना सांगत होता. मला बरं वाटलं. आपा टोमणे मारायला लागल्या म्हणजे माणसांत आल्या.

त्यांची एक अट मात्र होती. नव्या आवृत्तीचं एकोणिसावं पान त्यांच्यासमोर तपासायचं. परवा बसलो. नव्या पानाचा प्रिंट माझ्या हातात, मास्तरांचं हस्तलिखित त्यांच्या हातात. मी नाव आणि अर्थ एका दमात वाचायचा, त्यांनी बोटाने ओळ धरायची आणि जुळलं की 'पुढे' म्हणायचं. वाचायला सुरुवात करण्याआधी त्यांनी माझी वही ओढून घेतली. नोंदीखाली मी टिपलेला अकरा मुलींचा हिशेब वाचला, चौथ्या रकान्यातलं स्वतःचं नाव पाहिलं आणि खोडरबर मागितला. पुसून झाल्यावर कागदावरची धूळ फुंकली आणि म्हणाल्या, नुकसान लिहायचंच असेल तर त्या जुमानाचं लिहा, बिचारीला कोणी घरातच घेतलं नाही. मी लिहिलं. पेनाने.

मग कामाला लागलो. त्या दिवशी पेटीतल्या बाईसाहेबांचं वजन वीस ग्रामने वाढलं होतं. आदल्या दिवशी दहाने उतरलं होतं, म्हणजे निव्वळ दहा. हेही आपांनीच सांगितलं, पण वीस आधी आणि दहा नंतर.

"खदीजा," मी वाचलं, "वेळेआधी जन्मलेली."

"पुढे."

"खालिदा, चिरकाल टिकणारी."

त्यांचं बोट ओळीवरच राहिलं. पुन्हा वाचा, म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. आपल्याच घरात चोवीस वर्षं वापरलेलं भांडं शेजारच्यांचं निघावं, तसं त्या त्या शब्दांकडे बघत होत्या.

"राहू दे तिचं तिला," त्या म्हणाल्या. "पुढे."