मेंढराचा थेंब

गहिनीनाथच्या डाव्या अंगाला जग संपत चाललं होतं आणि त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

अंधार म्हणावा तर अंधार नव्हता. काळं असं काही दिसायचं नाही. तिथं नुसतं काही नसायचंच. माळावर मेंढरं चरत चरत डावीकडं सरकली की एकेक करून विरून जायची आणि मग बऱ्याच वेळानं, लांबच्या गावाला जाऊन आल्यासारखी, पुन्हा उजव्या अंगानं नजरेत उतरायची. मधल्या वेळात ती कुठं असतात, याचा विचार करत तो काठीवर हनुवटी टेकून उभा राही. त्याचा बाप सुग्रीव जाऊन नऊ वर्षं झाली होती. मेंढरं त्याच्याकडं जाऊन येत असतील, असं गहिनीनाथला वाटे. कुणाला सांगितलं नाही त्यानं. सांगण्यासारखं नव्हतंच ते, पण गोड होतं.

सुग्रीवही साठीत आंधळा झालेला. देवाला सोडलेला मेंढा विकला म्हणून देव कोपला, असं भावकीनं ठरवून टाकलं. मेंढा विकलाच नव्हता, लांडग्यानं नेला होता. पण देवाचा कोप म्हटला की फार सोपं जातं. म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागत नाही, कुणाला एक दिवस मोडावा लागत नाही. दहा वर्षं तो माणूस दाराच्या चौकटीला हात लावून बसला आणि अख्खी भावकी त्याच्या पापाच्या गोष्टी सांगत त्याच्याच मेंढीच्या दुधाचा चहा पीत राहिली.

दोन वर्षांपूर्वी घाटनांदूरच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. गहिनीनाथ कुसळ काढून घ्यायला म्हणून गेला आणि काचबिंदू घेऊन आला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याच्या कडा झिजायला लागलेल्या. अंबाजोगाईच्या डॉक्टर रोहिणीबाईंनी त्याला समजावून सांगितलं होतं, की डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट तुंबते, आत दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. रोज संध्याकाळी एक थेंब, दोन्ही डोळ्यांत, जन्मभर.

थेंब चरचरायचा. ते त्यानं सोसलं. सोसलं नाही ते दुसरंच. त्या थेंबानं डोळे लाल व्हायला लागले. युसूफ वडगावच्या बाजारात मेंढरांचा व्यापारी सोमेश्वर चार माणसांत म्हणाला, "काय बे गहिन्या, दिस उगवायच्या आत टाकली का?" चौघं हसले. गहिनीनाथच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि आयुष्यात त्यानं दारूच्या बाटलीला हात लावलेला नव्हता. तो घरी आला, बाटली कोनाड्यात देवाच्या मागं सारली आणि तिकडं फिरकला नाही.

मग दिवाळीच्या आधी माळावरचं गवत वाळलं, कुसळं उडायला लागली आणि मेंढरांचे डोळे आले. जनावरांच्या औषधाच्या दुकानातून त्यानं पांढऱ्या बुचाची एक बाटली आणली. सुग्रीवचा एक नेम होता. जे आपल्या डोळ्यात घालता येत नाही ते मेंढराच्या डोळ्यात घालायचं नाही. मुकं जनावर आहे, आग झाली तर सांगणार कोण? म्हणून बाप प्रत्येक औषध आधी स्वतःला लावायचा, आणि पोरगाही तसंच करत आला होता. त्यानं मान वर केली आणि मेंढराचा थेंब आपल्या डोळ्यात सोडला.

गार. विहिरीच्या तळाला उतरावं तसं गार.

चार दिवसांत डोळ्यांची लाली गेली. बाजारात सोमेश्वरनं तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी त्याची बायको साखराबाई एकेका मेंढराचं डोकं गुडघ्यात धरायची, तो थेंब सोडायचा, आणि शेवटचं मेंढरू सुटलं की स्वतः तिच्या मांडीवर डोकं टेकायचा. तिला वाटायचं, दवाखान्याचाच थेंब आहे. बाटल्या तिच्या लेखी सारख्याच. मेंढरांचे डोळे आठ दिवसांत बरे झाले. त्यानं मात्र थेंब सोडला नाही. एक बाटली संपली की दुसरी आणली.

त्या हिवाळ्यात त्याला फार सुंदर दिसायचं. रस्त्याच्या दिव्याभोवती रंगीत कडं पडायचं, तांबडं, हिरवं, निळं. चुलीच्या जाळाभोवतीही पडायचं. सगळं माळरान दुधात भिजवल्यासारखं मऊ व्हायचं, मेंढरांच्या कडा मेंढरांपासून सुटून वर तरंगायच्या. त्याला वाटायचं, म्हातारपणी देव माणसाला असं काहीतरी दाखवत असावा. बापालाही दाखवलं असेल, म्हणून बाप इतका शांत बसायचा.

गुढीपाडवा आठ दिवसांवर आला होता. रामप्रसाद नावाच्या शेतकऱ्याच्या ज्वारीच्या धसकटात मेंढरं सोडली होती. बांधाला लागून शेततळं, त्यात काळा प्लास्टिकचा कागद, आणि पाणी काठापासून दोन पुरुष खाली. साखराबाई मागून कोकरं हाकत येत होती. गहिनीनाथच्या समोर उजेडाचा एक मोठा तुकडा पसरला होता, त्यात ढग चालले होते, आणि त्याला त्या ढगांकडं जावंसं वाटलं. डावीकडं काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज झाला. आवाज त्याला आला. पण तिथं काही नव्हतंच, मग पडणार काय? तो तसाच पुढं गेला आणि पायाखालचा कागद सरकला.

साखराबाईनं पाठीमागून सदरा धरला. सदरा फाटला, माणूस राहिला. ती दोघं बांधावर आडवी पडली तेव्हा खाली काजळी नावाची मेंढी, कळपाची म्होरकी, गुळगुळीत कागदावर पाय मारत होती. दोर आणेपर्यंत ती तगली नाही.

साखराबाई रडली नाही. ती उठली, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "मी कुटं हाय?"

तो समोरच बघत राहिला.

"हात लांबवला तर तोंडाला लागंल तुमच्या. कुटं हाय मी?"

"आवाज येतोय तुझा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती त्याला अंबाजोगाईला घेऊन गेली. घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या बाटल्या तिनं पिशवीत टाकल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, पुन्हा मोजला, मग टेबलावरची पांढऱ्या बुचाची बाटली उचलून वाचली.

"हे कुणाचं?"

"मेंढरांचं," साखराबाई म्हणाली.

"इथं कशाला आणलं मग?"

गहिनीनाथनं खाली बघितलं. "आदी मी घालून बगितलं. गार वाटलं. मग घालतच ऱ्हायलो."

साखराबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की ते न दिसलेलंच बरं.

बाई चिडल्या नाहीत, हेच जड गेलं. त्या सांगत गेल्या. या औषधात स्टिरॉइड आहे, ते लाली काढतं, आग थांबवतं, पण अशा डोळ्यांत दाब चढवतं. आणि काचबिंदू ज्यांच्या घरात आहे त्यांना ते जास्तच बाधतं. दिव्याभोवती रंग दिसत होते का, हेही त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला, आणि ते रंग म्हणजे चढलेला दाब होता, असं बाईंनी सांगितलं. देव काही दाखवत नव्हता. त्याला दिसले ते एकाच कळपावर चारी बाजूंनी आलेले लांडगे: बापाचं रक्त, उशिरा झालेली तपासणी, बंद केलेला थेंब, आणि हा गार थेंब. यातले दोन तर त्यानं स्वतःच्या हातानं वाड्यात घेतले होते.

"गेलंय ते येतंय का परत?"

"नाही, काका."

"उरलंय ते?"

"उजव्या डोळ्यात मधलं आहे अजून. हा थेंब आजपासून बंद, तूर्त आधीचाच चालू. दाब उतरला नाही तर ऑपरेशन करू. लाली येत होती तर मला येऊन सांगायचं होतं, दुसरं औषध असतं."

"लोक दारुड्या म्हणत्यात."

"म्हणू द्या. दिसतंय तोवर त्यांची तोंडं तरी बघायला मिळतील."

मग त्यांनी लेकरं किती विचारलं. एकच लेक, उज्ज्वला, युसूफ वडगावला दिलेली. तिला तपासायला आणा, म्हणाल्या. गहिनीनाथनं मान हलवली, पण एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. सोयरिकीच्या वेळी त्यानं बापाचं आंधळेपण लपवलं होतं. आंधळ्याच्या घराण्यातली पोरगी कोण करतो? आणि जे आपण लपवलं तेच पोरीच्या डोळ्यात गपचूप वाढत असेल, हे त्याला आता कळत होतं.

पुढच्या बाजाराला तो गेला. डोळे पुन्हा लाल झाले होते. सोमेश्वर हसला, म्हणाला, मालक पुन्हा सुरू झाले वाटतं. या खेपेला गहिनीनाथ थांबला.

"दारू न्हाई. काचबिंदू हाय. माज्या बापाला बी त्योच होता. देवाचा कोप न्हवता, आमची सगळ्यांची हयगय होती. तुज्या घरात कुणाला असंल तर दाकवून घे बे, हसत बसू नको."

एवढं बोलून तो मेंढरं न विकताच तिथून सरळ उज्ज्वलाच्या दारात गेला. व्याही ओसरीवर होते. त्यांच्यासमोरच त्यानं सगळं सांगितलं, एकही शब्द न गिळता. व्याह्यांचं तोंड उतरलं. उज्ज्वलानं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "सोमवारी येते, आबा."

संध्याकाळी मेंढरं वाड्यात जायची वेळ झाली. पांढऱ्या बुचाची बाटली आता वाड्याच्या खांबाला तारेनं बांधलेली होती, घराच्या उंबऱ्याच्या आत तिला येणं नव्हतं. बापाचा नेम त्यानं मोडला होता. साखराबाईनं कोनाड्यातल्या देवाच्या मागं नाही, पुढं ठेवलेली दुसरी बाटली आणली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब सोडला. चरचरलं. डोळ्यात पाणी आलं, माळ पाण्यात हलला. तो तसाच उठून दारात उभा राहिला, आणि डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तशी मान डावीकडं वळवली, मेंढा झुंजीआधी वळवतो तशी, अख्खी.

मेंढरं होती. सगळी तिथंच होती. ती बापाकडं कधी गेलीच नव्हती.