एका आणि एकाच बिंदूत

कंपासपेटीच्या तळाला, जिथं कर्कटक आडवं पडायचं तिथं, पत्र्यावर एक वळलेला ओरखडा होता आणि कौतिक सर तो बोटानं चाचपत होते... कोनमापक जागेवर होतं, दोन्ही गुण्ये होते, पट्टी होती, खोडरबराचा चावलेला तुकडा होता — स्वप्नील अजून खोडरबर चावतो, दहावीत आला तरी — आणि कर्कटक नव्हतं. ते पोलिसांनी पिशवीत घालून नेलं होतं. एवढंसं ते, एका पायात पेन्सिल आणि दुसऱ्या पायाला टोक. नोकरीभर आपण मुलांना सांगत आलो की टोक घट्ट रोवा, टोक हललं की वर्तुळ बिघडतं. घट्ट रोवा. हे वाक्य आता कुठं ठेवायचं ते त्यांना कळत नव्हतं.

मागच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, त्यांच्या नातवानं, स्वप्नीलनं, वर्गातल्या मननच्या डोळ्यात ते टोक खुपसलं होतं. डोळ्यात म्हणजे — सर प्रत्येक वेळी मनातल्या मनात दुरुस्ती करत — डोळ्याच्या बाहेरच्या कडेला, खालच्या पापणीपाशी. डॉक्टरांनी अजून पट्टी काढली नव्हती. नजर राहील की जाईल हे पट्टी निघाल्यावरच कळणार होतं.

घाबरलं की व्याख्या म्हणायच्या ही त्यांची जुनी सवय. मुख्याध्यापकांसमोर उभं राहताना, लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाशेजारी बसताना, दवाखान्याच्या बाकावर... बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. बिंदूला फक्त स्थान असतं. आजही त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला बिंदू लाल झाला, त्याला लांबी आली, तो गालावरून ओघळायला लागला. त्यांनी पेटी मिटली. झाकण खटकन बसलं आणि त्या आवाजानं ते दचकले.

"आते कसाले बठी राह्यनात?" सरांच्या पत्नी धुरपदाबाई दारात उभ्या होत्या. माहेर नरडाण्याकडचं, इतकी वर्षं जळगावात काढून बोली तशीच. "तुम्हीच सांगं व्हतं ना, आज त्या लोके बठ्ठासले माफ करतस म्हणीसन? मंग निंघा ना. पोऱ्या तठे बापकडे सुकी चालना."

होय, सांगितलं होतं खरं. काल जैनांची संवत्सरी झाली. आज ती माणसं घरोघर जाऊन हात जोडतात, वर्षभरात काही दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणतात. मननचे आजोबा ज्ञानचंदजी धर्माचे कडक. त्यांच्याकडे आजच्या दिवशी गेलं तर ते नाही म्हणू शकणार नाहीत, हे आपल्याच डोक्यात आलं — पुस्तकं वाचून वाचून आलेली ही हुशारी, दुसऱ्याच्या धर्माचा असा दाराच्या फटीसारखा उपयोग — आणि सांगितल्यावर सगळ्यांनी, वकिलांनीसुद्धा, वा सर म्हटलं, तेव्हा आपल्याला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज आत्ता वाटते आहे. का तीही वाटत नाही? मला माझं काही नीट कळत नाही.

उद्या स्वप्नीलला मुलांच्या न्यायमंडळापुढं उभं करायचं होतं. वकिलांनी सोपं करून सांगितलं होतं: समोरचे लोक नरमले, आणि तुम्ही, इतकी वर्षं शिकवलेला माणूस, म्हणालात की पोरगं गरीब आहे, त्या क्षणी त्याला भान नव्हतं, तर समुपदेशनावर सुटेल. नाहीतर निरीक्षणगृह. दहावीचं वर्ष गेलं, आणि तिथून पोरं कशी बाहेर येतात ते तुम्हाला सांगायला नको.

"भान नव्हतं" एवढंच म्हणायचं. दोनच शब्द, इतकं सोपं. सर ते वाक्य शर्ट घालताना म्हणून बघत होते.

रिक्षात बसल्यावर मेहरूणचा तलाव उजव्या हाताला सरकत गेला आणि पुढं केळीच्या घडांनी भरलेला ट्रक आडवा आला. घडांच्या कापलेल्या दांड्यांतून चीक गळत होता. गावी, असोद्याला, वडील घड उतरवल्यावर झाड तोडायचे... विळा एकदाच फिरायचा, दुसरा घाव लागायचा नाही, आणि माणसाच्या मांडीएवढा जाड, पाण्यानं गच्च भरलेला बुंधा क्षणभर उभाच राहायचा, त्याला कळलेलंच नाही असा, मग कोसळायचा. "घे, मार," वडील म्हणायचे आणि विळा पुढं करायचे. लहानगा कौतिक मागं सरायचा. त्याचे कपडे त्या चिकानं काळे व्हायचे तरी तो मारायचा नाही. सगळे म्हणत, पोरगं मवाळ आहे, मास्तर होईल. झालं. त्यांना वाटायचं याला दया येते. दया नव्हती ती. मला दिसायचं की एकदा मारलं की मी थांबणार नाही — नाही, हे आत्ता रचतो आहे. तेव्हा असं काही वाटलं नसणार. म्हातारपणी माणूस स्वतःच्या लहानपणातही खोटं घालतो.

पण शाळेतून फोन आला तेव्हाचं खोटं नाही. बाई घाईघाईनं म्हणाल्या, "सर, ताबडतोब या, तुमच्या स्वप्नीलनं एका मुलाला कर्कटक मारलंय, डोळ्यात," आणि भीतीच्या आधी, अगदी एका श्वासाइतकं आधी, त्यांच्या छातीत काहीतरी गोड पसरलं. तापलेल्या तव्यावर तूप पसरावं तसं. मग भीती आली, मग रक्तानं भरलेला बाक दिसला, वर्गाच्या भिंतीवर उडालेले थेंब, आणि मुलींचं रडणं... पण ते गोड आधी आलं होतं. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही.

कारण मनन स्वप्नीलला काय म्हणायचा ते सरांना माहीत होतं. सेमी इंग्रजीचा वर्ग, गणित इंग्रजीत. पण सरांनी, त्याच्या आबांनी, नातवाला भूमिती घरी मराठीतच शिकवली होती, शब्द आधी मराठीत आला पाहिजे, अर्थ त्यात असतो — जीवा, छेदिका, कंस, स्पर्शिका. वर्तुळाला एका आणि एकाच बिंदूत छेदणारी रेषा म्हणजे स्पर्शिका. बाईंनी फळ्यावरच्या रेषेला काय म्हणतात विचारलं, स्वप्नील उठून म्हणाला, "स्पर्शिका," आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून तो स्पर्शिकाबाई झाला. येता-जाता मनन त्याच्या दंडाला, कमरेला, गालाला एक बोट लावायचा. "ओ स्पर्शिकाबाई, आम्हालाही स्पर्श करा की! एकाच बिंदूत!" मग त्याच्यामागून आणखी बोटं. जेवताना स्वप्नील खाली मान घालून म्हणाला होता, "आबा, मी तुमचे शब्द नाही म्हणणार आता." आणि आपण म्हणालो, शब्दाला काय लाजायचं, वेड्या. भाकरीचा तुकडा मोडत म्हणालो.

कर्कटक मारलं त्या संध्याकाळी कुंदन आला, सरांचा मुलगा, स्वप्नीलचा बाप, नरडाण्याच्या कारखान्यातून तसाच. बूटसुद्धा काढले नाहीत. पट्टा काढला. "डोळे फोडतो लोकांचे? फोडतो?" प्रत्येक प्रश्नाला एक फटका, स्वप्नील भिंतीशी दुमडत गेला, गुडघे छातीशी, कोपरं कानांशी, आणि पट्ट्याचं बक्कल भिंतीवर आपटून चुना उडाला. धुरपदाबाई मध्ये पडल्या तर त्यांच्या मनगटावरही वळ उठला. सर कॉटवर बसून होते. सरळकोन एकशे ऐंशी अंशांचा, विशालकोन नव्वदहून मोठा... स्वप्नील ओरडला नाही. पट्टा वर गेला की तो बापाकडं नाही, आजोबांकडं बघायचा. काय होतं त्या बघण्यात? सरांनी मान वळवली होती. मग कुंदन त्याला नरडाण्याला घेऊन गेला.

ज्ञानचंदजींच्या दारात चपलांचा ढीग होता. दार मननच्या बहिणीनं, रिद्धीनं उघडलं आणि ओळखताच ती आत पळाली. आतून सकाळच्या पारण्याचा वास येत होता, मुगाचा, तुपाचा. पाहुणे उठून जात होते, जाताना हात जोडत होते, आणि प्रत्येकाला तेच शब्द, तोच नमस्कार. सर एका कडेला उभे राहिले. येताना त्यांनी घोकलं होतं: मी माफी मागायला आलो आहे. माझ्या नातवाकडून फार मोठा अपराध झाला. दोन वाक्यं. प्रमेयाच्या सिद्धतेत पक्ष लिहावा तशी, कुठंही न अडखळता म्हणायची.

"पप्पा, हे कशाला आलेत इथं?" रोनक, मननचा बाप, सोफ्यावरून उठला. "द्या ना याही म्हाताऱ्याच्या हातात कंपासपेटी!"

"रोनक. आज नाही." पांढऱ्या कपड्यातले ज्ञानचंदजी पुढं आले. सरांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच त्या माणसानं दोन्ही हात कपाळाशी नेले आणि कमरेत वाकला. "खमत खामणा, सर. वर्षभरात माझ्याकडून, माझ्या घरातल्या कुणाकडून, मनानं, वाचेनं, कायेनं तुमच्या घराचं काही दुखावलं असेल, तर क्षमा करा."

आता सरांना ती दोन वाक्यं म्हणता येईनात. ज्याची माफी मागायला यायचं त्यानंच आधी हात जोडले की माणसाकडं काय उरतं? हा रिवाज आहे, ते दूधवाल्यालाही हेच म्हणाले असतील, रिक्षावाल्यालाही... आणि तरी त्या वाकलेल्या पाठीकडं बघताना सरांना राग आला. असा राग की कानांत रक्ताचा आवाज व्हायला लागला. किती सोपं! एवढं वाकलं की झालं, बोटं लावली ती पुसली गेली, बाई म्हटलं ते पुसलं गेलं, आणि माझं पोर तिकडं पाठीवर वळ घेऊन पालथं झोपतं.

"बसा ना, सर. घाबरू नका," ज्ञानचंदजी म्हणत होते. "मी रोनकला समजावलंय. पोरं आहेत. उद्या मी स्वतः येऊन सांगेन की आमचं मन साफ आहे. मनन! इकडं ये बेटा. सरांना खमाव."

मनन आला. सर त्याला पहिल्यांदाच जवळून बघत होते. केवढा लहान होता तो, ओठावर नुसती लव. अर्धा चेहरा पांढऱ्या पट्टीत. उरलेला डोळा सुजल्यासारखा. त्यानं हात जोडले आणि पुटपुटला, "खमत खामणा."

"कशाबद्दल?"

कुणी विचारलं हे? खोलीत सगळे सरांकडं बघत होते. आवाज त्यांचा होता, पण असा आवाज वर्गातही कधी लागला नव्हता. मागच्या बाकावरची पोरं त्यांच्या तासाला डबे खायची.

"कशाबद्दल क्षमा मागतोस? काय म्हणायचास तू त्याला?"

"सर..." ज्ञानचंदजी म्हणाले.

"म्हण ना. म्हणायचास ते म्हण."

मनननं बापाकडं पाहिलं, आजोबांकडं पाहिलं. ओठ हलले. "स्पर्शिकाबाई," तो म्हणाला. अगदी बारीक, चिरका आवाज. त्यात मस्ती नव्हती, काहीच नव्हतं, आजारी पोराचा आवाज होता तो, आणि उघड्या डोळ्यातून पाणी गालावर आलं, आणि पट्टीच्या खालूनही, गुलाबी, पातळ. त्यानं पट्टीवर हात दाबला. दुखत असणार. मीठ लागल्यासारखं दुखत असणार, हे सरांना स्पष्ट दिसलं, काचेतून दिसावं इतकं स्वच्छ.

"मोठ्यानं," सर म्हणाले. "पुन्हा."

रोनक अंगावर धावून आला. ज्ञानचंदजींनी त्याला अडवलं, पण तो त्यांना ओलांडून सरांच्या शर्टापर्यंत पोचलाच, कॉलर पकडली, वरचं बटण तुटून फरशीवर घरंगळलं. "बघितलं, पप्पा? बघितलं? यांचं रक्तच असलं आहे! उद्या सोडत नाही मी त्या पोराला. आतच घालतो!" रिद्धी किंचाळत होती. मनन पट्टी धरून खाली बसला होता. आणि सर त्या सगळ्याच्या मधोमध, रोनकच्या मुठीत मान, त्याचा गरम श्वास तोंडावर — आणि त्यांना व्याख्या आठवत नव्हती. एकसुद्धा आठवत नव्हती. गरजच पडली नाही.

मग ते बाहेर आले. कसे आले, कुणी आणून सोडलं, का स्वतःच आले... ज्ञानचंदजी फाटकापर्यंत आले होते एवढं नक्की, आणि त्यांचे हात अजून जोडलेलेच होते, पण चेहऱ्यावर आता भीती होती. माझी भीती. कौतिकची कुणाला भीती वाटते आहे! रिक्षावाले हाका मारत होते. त्यांनी हात हलवून नको म्हटलं आणि उन्हात चालायला लागले.

पोराचं वाटोळं केलं आपण आत्ता. हे कळत होतं. धुरपदा विचारेल, मांगी का माफी, आणि तिला काय सांगणार, की ते द्यायलाच बसले होते, हातावर ठेवत होते, आणि मी एका दुखऱ्या पोराला रडवत बसलो. परत फिरावं, पायांवर डोकं ठेवावं. अजून वेळ आहे. पाय मात्र पुढंच पडत होते, आणि मनात पश्चात्ताप शोधला तर तो होता, नाही असं नाही, पण लांब, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालणाऱ्या ओळखीच्या माणसासारखा.

इतके दिवस त्यांनी त्या क्षणाची कल्पना करून पाहिली होती. कर्कटक हातात, समोर हसणारं तोंड, पुढं येणारं बोट... आणि तिथंच थांबत. तिथं अंधार असणार असं धरून चालत. पोरगं त्या अंधारात गेलं, टोक रोवलं, आणि बाहेर आलं तेव्हा काय केलं ते त्याला माहीत नव्हतं — असंच वकिलांना सांगितलं, कुंदनला सांगितलं, स्वतःला सांगितलं. आणि पट्टा वर असताना स्वप्नील आपल्याकडं का बघत होता तेही त्यांनी असंच अंधारात ढकललं होतं.

अंधार नव्हता तिथं. आता मला माहीत आहे. पुन्हा म्हण असं म्हणताना मला त्या पोराच्या पापणीचा एकेक केस दिसत होता, पट्टीच्या कडेचा दोरा दिसत होता, दुखतंय हे दिसत होतं, थांबता येईल हे दिसत होतं. स्वप्नीललाही दिसलं असणार. सगळं दिसलं असणार, आणि त्यानं हात पुढं नेला. आणि घरी, भिंतीशी, तो मला तेच सांगत होता.

उद्या ते विचारतील, सर, तुम्ही त्याला ओळखता ना? सर तलावाच्या कठड्याला टेकून उभे राहिले, आणि त्या प्रश्नाला आपण हो म्हणू — आजवर म्हटलं नाही इतक्या खात्रीनं हो म्हणू — हे त्यांना कळलं, आणि त्यापुढचं, "भान नव्हतं" हे वाक्य तोंडात येईना.