सातशे चौदाचा डावा पंख

मी एक जुना पंख आहे. चिमणीचा नव्हे, आणि कावळ्याचा तर नव्हेच. मी एका लढाऊ विमानाचा डावा पंख आहे आणि सध्या विमानतळाच्या फाटकामागे सायकलींच्या शेडचे छप्पर म्हणून काम करतो. हसू नका मित्रांनो. ज्याने ढगांच्या वरचे ऊन पाहिले, त्याने आता आठ सायकलींना ऊन लागू नये म्हणून आडवे पडून राहायचे, यात हसण्यासारखे काही नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन बहिणी माझे पत्रे जोडत. थोरली बाहेरून रिव्हेट ठोकायची आणि धाकटी आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायची. "अगं, नीट धर! माणूस बसणार आहे यात," असे थोरली सारखी ओरडे. मी त्या ओरडण्याच्या जिवावर उभा राहिलो. शेवटी माझ्या खालच्या बाजूला काळ्या रंगात सातशे चौदा हा नंबर घातला आणि तेच आमच्या विमानाचे नाव झाले.

तळावर आम्हाला दोन माणसे मिळाली. एक आमचा वैमानिक. त्याला सगळे लंबू म्हणत, कारण आत बसताना त्याचे गुडघे हनुवटीला लागत. दुसरे मेकॅनिक मामा. ते नात्याने कुणाचेच मामा नव्हते, पण हाक मारली की सगळ्यांना ओ देत.

मग लढाई सुरू झाली. एके सकाळी आम्ही दोन विमाने परत येत असताना सोबतच्या विमानाची तेलाची नळी फुटली आणि त्याची काच काळीकुट्ट झाली. आतल्या पोराला समोरचे काहीच दिसेना. लंबूने आमचे विमान त्याच्या उजव्या अंगाला इतके जवळ नेले की माझे टोक त्याच्या काचेपासून दोन हातांवर आले.

"मी तुझ्या शेजारीच आहे. मी सांगतो तेवढंच कर," लंबू रेडिओवर म्हणाला.

"तू जा रे, उगाच दोघंही मरू."

"गप्प बस आणि नाक थोडं वर घे."

खालून तोफा सुरू झाल्या. बाजूला वळला असता तर लंबू सहज सुटला असता. तो वळला नाही. एक गोळा मला लागला आणि खालच्या पत्र्याला बशीएवढे भोक पडले. मी थरथरलो, पण टिकलो. लंबू बोलत राहिला आणि त्या आवाजावर ते आंधळे विमान धावपट्टीवर उतरले. आमच्या तळावर असे पहिल्यांदाच घडले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उडायचे होते आणि भांडारात हातभर पत्रा शिल्लक नव्हता. मामांनी आपल्या जेवणाच्या डब्याचे झाकण घेतले, कडा कापल्या, ठोकून सपाट केले आणि बारा रिव्हेट मारून माझ्या भोकावर बसवले. डबा दुसऱ्यांच्या डब्यांत मिसळू नये म्हणून मामींनी डब्यावर आणि झाकणावर खिळ्याने तीन रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा माझ्या अंगावर आल्या.

"मामा, आता डबा कशाने झाकणार?" लंबूने विचारले.

"तुम्ही परत या साहेब, मग बघू. घरी बोलणी मला खायची आहेत."

त्यानंतर प्रत्येक उड्डाणाआधी लंबू त्या ठिगळावर तळवा टेकवी. वर्तमानपत्रात सातशे चौदाचा फोटो आला. मी फुशारलो, ते कबूल करतो.

लढाई संपली. सातशे चौदा फाटकासमोर चौथऱ्यावर उभे करायचे ठरले. माझा आनंद गगनात मावेना. पण तोवर आमचे इंजिन काढलेले होते, रंग उडाला होता आणि अंगभर ठिगळे होती. शेजारच्या हँगरमध्ये एक कोरे करकरीत विमान होते. ते लढाई संपल्यावर आले होते. मोठ्या साहेबांनी दोघांकडे पाहिले आणि म्हणाले, "दारात हे भंगार कशाला? नंबर तेवढा बदला. कोणाला कळतंय?"

मला वाटले, मामा नाही म्हणतील. ते म्हणाले, "होय साहेब." त्यांनीच चिंधी आणि रॉकेल आणले आणि ज्या हातांनी मला ठिगळ लावले त्याच हातांनी माझा नंबर पुसला. अर्ध्या तासात मी कोणीच नव्हतो. बाकीचे विमान वितळवायला गेले. शेडला छप्पर हवे होते म्हणून मी उरलो.

उद्घाटनाला लंबू आला. मला इथून सारे दिसते. त्याने चौथऱ्यावरच्या विमानाच्या डाव्या पंखाखाली उभे राहून वर पाहिले. ठिगळ नव्हते. त्याने मामांकडे पाहिले. मामा आपल्या बुटांकडे बघत राहिले. आता बोल, मी मनात ओरडलो. तेव्हा तू वळला नाहीस ते माझ्यासाठी नव्हते, पण तरी बोल! लोक टाळ्या वाजवत होते. लंबूने फीत कापली.

वर्षे गेली. लंबू वारला. मामा निवृत्त झाले आणि फाटकावर पहारेकरी म्हणून लागले. त्यांची सायकल माझ्याच खाली असते.

मागच्या महिन्यात दुपारी लंबूची मुलगी आली. ती चौथऱ्यावरच्या पंखाखाली बराच वेळ फिरली, मग मामांच्या चौकीशी आली.

"तुम्हीच मामा ना? बाबा नेहमी सांगायचे, पंखाला डब्याचं झाकण लावलं होतं म्हणून. इथे तर काहीच नाही. घरी सगळे म्हणतात, शेवटी शेवटी ते काहीही बोलायचे. तुम्ही सांगा मामा. होतं का झाकण?"

मामा म्हणाले, "आठवत नाही हो ताई."

नंबर पुसला तेव्हाही मला इतके लागले नव्हते. ती "बरं" म्हणाली आणि रस्त्याकडेच्या बाकावर बसची वाट बघत बसली. तिने डोळे पुसले.

मामा डबा घेऊन माझ्याखाली जेवायला आले. त्या डब्यावर अजून झाकण नाही, ते बशी ठेवतात. घास हातातच राहिला. मग ते उठले, छिन्नी-हातोडी आणली आणि स्टुलावर चढून माझ्या ठिगळाचे रिव्हेट तोडू लागले. म्हाताऱ्या हातांना पाऊण तास लागला. मधे एक बस आली. मुलगी उठली, पण इकडची ठोकाठोक ऐकून चढली नाही.

मामांनी ठिगळ आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिने दोन्हींवरच्या तीन-तीन रेघांवरून बोट फिरवले.

"आठवतं ताई. सगळं आठवतं. तुमचे बाबा खरं बोलत होते."

मग चौथऱ्याकडे बोट दाखवून तिने विचारले, "मग ते काय आहे?"



मित्रांनो, चौथऱ्यावरचा नंबर अजून तसाच आहे. मामांना मी माफ केलेले नाही. लंबूलाही पूर्ण नाही. मला रंग नको, चौथरा नको. जुन्या वस्तूंवरचे ठिगळ दिसले तर ते कोणी आणि का लावले, एवढे विचारत जा, आणि विचारायला आलेल्याला "आठवत नाही" म्हणू नका. माझे भोक आता उघडे आहे. वारा आला की त्यातून शीळ वाजते आणि सायकल काढणारे वर बघतात. नुसते बघतात आणि जातात. तुम्ही आलात तर जरा थांबा.