जोडीबरोबरचा एक्का

आर्डिथ आणि व्हर्लिन यांच्या संसाराची पहिली एकतीस वर्षं दारातच गेली. तो गावातल्या जुन्या जुगारघरात रात्रपाळीला पत्ते वाटायचा, ती सकाळच्या पाळीला नाश्त्याच्या हॉटेलात अंडी आणि कॉफी वाढायची. तो घरी यायचा तेव्हा ती निघालेली असायची. गाडी एकच होती, त्यामुळे किल्ली देता-घेता जे काय बोलणं व्हायचं तेवढंच. "दूध संपलंय." "मागच्या चाकात हवा कमी आहे." एवढ्या भांडवलावर दोघांनी एक मुलगी वाढवली, तिचं लग्न करून दिलं आणि लास व्हेगसच्या पूर्वेला, बोल्डर हायवेलगत, चाकांवरचं एक घर विकत घेतलं. चाकं अर्थात केव्हाच मातीत रुतली होती.

मग व्हर्लिनची मनगटं गेली. पत्ते पिसताना पंजा अडकायला लागला आणि त्याला निवृत्त व्हावं लागलं. वर्षभरात आर्डिथनेही एप्रन खुंटीला टांगला. तेव्हापासून, म्हणजे सत्त्याऐंशी सालच्या वसंतापासून, दोघं रोज सकाळी आठ वाजता 'कॉपर म्यूल' या जुगारघरात जायची. तिथे एक डॉलरला हॅम आणि अंडी मिळायची. खाऊन झालं की पोकरच्या यंत्रांसमोर शेजारी-शेजारी दोन खुर्च्या, आणि पाव डॉलरच्या नाण्यांचा एकेक प्लास्टिकचा पेला. तेव्हा खरी नाणी खळखळायची. ती हाताळून अकरापर्यंत बोटं काळीकुट्ट व्हायची, मग ओल्या कागदाने पुसून घरी. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून तीन तास बसणं आर्डिथला साठीला आल्यावर मिळालं होतं. पत्ते कसे पडतात यापेक्षा तो पत्त्यांशी कसं बोलतो हे ऐकायलाच ती जायची.

व्हर्लिनचं खेळणं तसं अडाण्याचं नव्हतं. दाराजवळच्या यंत्रांकडे तो बघायचाही नाही.

"काचेवरचे दर वाच आधी," तो तिला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "फुल हाउसला, म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी, किती पट देतं? आठ. फ्लशला, पाचही पत्ते एका रंगाचे? पाच. ही पाहुण्यांसाठी. आत भिंतीकडे ये. इथे बघ, नऊ आणि सहा. पत्ते तेच, यंत्र तेच, फक्त काचेवरचे दोन आकडे वेगळे. तिकडे शंभर डॉलर फिरवलेस तर सरासरी सत्त्याण्णव परत येतात, इथे साडेनव्याण्णव."

"म्हणजे इथेही अर्धा जातोच."

"अर्ध्या डॉलरात थंड हवा, कॉफी आणि माझी सोबत. महाग आहे का, बाई?"

आणि टाकायची तर पाच नाणी टाकायची, हेही त्यानेच शिकवलं. एका नाण्यावर रॉयल, म्हणजे एकाच रंगाचे दहापासून एक्क्यापर्यंतचे पत्ते, लागला तर अडीचशे नाणी, पण पाचांवर चार हजार. यंत्र पाच पत्ते दाखवायचं, हवे ते बटण दाबून धरायचे, बाकीचे एकदाच बदलून मिळायचे. गुलामाची किंवा त्याच्या वरची जोडी आली तर टाकलेलं परत. दोन जोड्यांना दुप्पट, तीन सारख्यांना तिप्पट, चार सारख्यांना पंचवीसपट. सगळं तिला पाठ झालं होतं. जोडीबरोबर एक्का आला तर तोही धरायचा, हेही त्यातच आलं.

हा एक्का पहिल्यांदा खटकला तो मायतेला. मायते एचेवेरी ही उत्तरेतल्या एल्को गावाकडच्या मेंढपाळाची विधवा, स्पेनकडून आलेल्या बास्क लोकांतली, बोलायला फटकळ. ती व्हर्लिनच्या पलीकडच्या यंत्रावर बसायची. एका सकाळी त्याने राणीची जोडी धरली, वर एक्काही धरला, दोन पत्ते टाकून दोन घेतले. मायतेने मान वाकडी करून पाहिलं.

"व्हर्लिन, तो एक्का कशाला ठेवलास रे?"

"जोडीबरोबर एक्का ठेवतातच. दोनच पत्ते मागितले की समोरच्याला वाटतं, याच्याकडे तीन सारखी आहेत. घाबरतो तो."

"समोरचा कोण?"

व्हर्लिनने समोर पाहिलं.

"तुझ्यासमोर काच आहे," मायते म्हणाली. "काच घाबरते होय रे? माझ्या मेंढ्यासुद्धा थापेला भुलायच्या नाहीत, आणि हे तर खोकं."

मागच्या खुर्च्यांवरच्या दोघी-तिघी हसल्या. व्हर्लिनचे कान लाल झाले. "तीस वर्षं पत्ते वाटलेत मी. एक्का मोठा पत्ता आहे, त्याचीही जोडी लागते. दोन जोड्या होतात."

आर्डिथच्या तोंडून सहज निघून गेलं, "पण तीन पत्ते घेतले तर तिसरी राणी यायला जास्त जागा नाही का?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण चार बायकांसमोर विचारलं, तिथे बिघडलं. व्हर्लिन सावकाश वळला. "तू मला दाखव, की एक्का धरणं चूक आहे. दाखवलंस तर मी पुन्हा या खुर्चीवर खेळायला बसणार नाही. शब्द आहे माझा."

टेबलावर बोललेला शब्द पत्ते वाटणारा माणूस मागे घेत नाही. नियम म्हणून नाही, सवय म्हणून. आर्डिथला ते माहीत होतं.

घरी येऊन ती हे विसरायला तयार होती, पण डोक्यातला प्रश्न विसरेना. दुपारी व्हर्लिन खिडकीतल्या थंड हवेच्या डब्याखाली पेपर वाचत बसला, तशी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते काढले. दोन राण्या, एक एक्का, आणि दोन निरुपयोगी पत्ते बाजूला काढले. उरले सत्तेचाळीस. राजम्याची बरणी शेजारी ठेवली. शंभर वेळा एक्का धरून दोन पत्ते घ्यायचे, शंभर वेळा एक्का सोडून तीन. जे मिळेल तेवढे दाणे त्या त्या वाटीत.

चाळिसाव्या वाटपाला व्हर्लिन उठून आला. "असं पिसतात होय पत्ते? आण इकडे." दुखऱ्या मनगटांनी तो पिसायला लागला, आणि बाकीचे त्यानेच वाटले. त्या दुपारी एक्क्याची वाटी वीस दाण्यांनी पुढे राहिली.

"बघितलंस?" तो इतका खूश झाला की त्याने राजमा शिजवायलाही मदत केली.

आर्डिथही खूशच होती. एक्का बरोबर, म्हणजे सकाळ शाबूत. पण राजमा ढवळताना तिच्या मनात आलं, आज चुकून असं झालं असेल तर? हॉटेलात एखाद्या मंगळवारी सगळ्यांनी वॉफलच मागितले म्हणून बुधवारी कोणी अंडी आणायची थांबवत नाही. दुसऱ्या दुपारी व्हर्लिन गाडीचं तेल बदलायला गेल्यावर तिने परत दोनशे वाटप केले. या वेळी दुसरी वाटी पुढे. पण थोडीच.

तिसऱ्या दुपारी तिने पत्ते बाजूला ठेवले आणि ऑर्डर घ्यायची जुनी वही काढली. वाटून कळत नसेल तर मोजून कळेल. तीस वर्षं आठ टेबलांची बिलं तोंडी केलेली बाई होती ती, आकड्यांना भीत नव्हती. सत्तेचाळिसांतून दोन पत्ते किती तऱ्हांनी येतील? सत्तेचाळीस गुणिले सेहेचाळीस, भागिले दोन. एक हजार एक्याऐंशी. त्यांतल्या किती तऱ्हांत चार राण्या होतील? उरलेल्या दोन्ही राण्या एकदम यायला हव्यात. एकच तऱ्हा.

मग तीन पत्त्यांचं. तिथे तऱ्हा सोळा हजारांवर गेल्या, पण दोन राण्यांबरोबर तिसरा कोणताही पत्ता चालत होता, म्हणून चार राण्यांच्या पंचेचाळीस झाल्या. तिने भागून पाहिलं. तीनशे साठांत एकदा. इकडे हजारावर एकदा, तिकडे तीनशे साठांत एकदा! एका एक्क्यापायी चार राण्या तिपटीने लांब गेल्या होत्या.

ती उठून पाणी प्यायली आणि पुन्हा बसली. आता थांबवेना. एक्का सोडला की तीन सारखी शंभरात आठ वेळांच्या जागी साडेअकरा वेळा. फक्त दोन जोड्या एक्का धरल्यावर जास्त येत होत्या, सोळाच्या जागी सतरा. तिथेच व्हर्लिन फसला होता. एक्क्याने सारखं काहीतरी मिळत राहायचं, ते लहान असायचं, पण डोळ्यांना दिसायचं. न आलेल्या चार राण्या कुणाला दिसतात? शेवटी सगळ्याला किमतींनी गुणून तिने बेरीज मारली. अशा प्रत्येक हाताला, डॉलरमागे बारा सेंटचं नुकसान. त्यांच्या पाच नाण्यांवर पंधरा सेंट.

तिला इतका आनंद झाला की कुणाला तरी हाक मारून सांगावंसं वाटलं. हाक मारायला घरात एकच माणूस होता.

तिने तो कागद घडी घालून साखरेच्या बरणीखाली सरकवला. दोन दिवस काही बोलली नाही. दोन दिवस व्हर्लिनने 'कॉपर म्यूल'मध्ये मायतेला ऐकू जाईल असं "एक्का" म्हणत एक्के धरले आणि आर्डिथने आपल्या काचेवरचे एक्के मुकाट्याने सोडले. आपला नवरा किती वेळा पंधरा सेंट टाकतो आहे, हे ती नको असताना मोजत राहिली.

तिसऱ्या दिवशी व्हर्लिनने कॉफीत साखर घालायला बरणी उचलली.

ती भांडी घासत होती. मागे कागदाचा आवाज झाला, मग पत्त्यांचा. वळून पाहिलं तर तो पत्ते घेऊन बसला होता. राण्या, एक्का, सत्तेचाळीस पत्ते पसरलेले, आणि तो ओठ हलवत मोजत होता. तासाभराने त्याने पत्ते गोळा केले.

"एक हजार एक्याऐंशी," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं."

"व्हर्लिन, मी कुणाला सांगितलेलं नाही."

"तू मला सांगितलं नाहीस, हे जास्त लागलं." मग थोडं हसून म्हणाला, "कधीपासून तू सोडत होतीस एक्के?"

"दोन दिवस."

"हं. मी तुझ्या काचेकडे बघितलंच नाही."

दुसऱ्या सकाळी त्याने तिला 'कॉपर म्यूल'पर्यंत सोडलं, तिच्याबरोबर अंडी खाल्ली आणि नाश्त्याच्या बाकावरच पेपर उघडून बसला. "जा तू. शब्द म्हणजे शब्द."

आर्डिथने त्याची खुर्ची पुढे कलती करून यंत्राला टेकवून ठेवली. खुर्ची अशी टेकवलेली असली की माणूस आत्ता येतोय, असं सगळे समजायचे आणि कोणी बसायचं नाही. दोन सकाळी ती तशीच राहिली. तिसऱ्या सकाळी देखरेखीचा माणूस येऊन म्हणाला, "मॅडम, खुर्ची अशी अडवून ठेवता येत नाही. येणार आहेत का ते?"

"येणार आहे," आर्डिथ म्हणाली.

"कधी?"

मायते पलीकडून म्हणाली, "बाथरूमला गेलाय तो. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो." माणूस गेला. मायते खाली मान घालून म्हणाली, "माझ्या जिभेला हाड नाही गं."

"प्रश्न मलाही पडलाच होता," आर्डिथ म्हणाली.

साडेदहाला व्हर्लिन गाडीची किल्ली बोटात फिरवत आला आणि तिच्या मागे उभा राहिला. "निघायचं?"

"एवढा हात खेळते." तिने पाच नाणी टाकली. काचेवर पत्ते आले. चौकट राणी, बदाम राणी, किलवर एक्का, आणि दोन फालतू.

आर्डिथ क्षणभर त्या एक्क्याकडे बघत राहिली. मग तिने राण्या धरल्या. आणि एक्क्याखालचं बटणही दाबलं.

मागे किल्ली फिरायची थांबली.

"आर्डिथ."

"काय?"

"काय धरलंयस ते?"

"एक्का."

"ते दिसतंय मला! का?"

"बरा दिसतो. काच घाबरेल."

"अगं, हजारात एकदा! तूच मोजलंस ना? तूच लिहिलंस!"

"एकतीस वर्षं पत्ते वाटलेला माणूस सांगत होता. त्याचं ऐकते मी."

"तो माणूस गाढव होता! त्याच्यासमोर माणसं बसायची, तिथे ठीक होतं! सरक. हात काढ त्या बटणावरून. दाबशील, दाबशील!" त्याने टेकवलेली खुर्ची खाडकन सरळ केली, तिच्यावर बसला, तिच्या पुढ्यातून वाकून एक्का सोडला आणि पत्ते मागवले.

सत्ता, तिर्री, अठ्ठा. काहीच नाही. राण्यांच्या जोडीची पाच नाणी तबकात वाजली.

"बघ," व्हर्लिन धापा टाकत म्हणाला, "हे असं खेळायचं."

मायतेने मान लांब केली. "आणि शब्दाचं काय झालं, व्हर्लिन?"

व्हर्लिनने खाली पाहिलं. आपण कुठे बसलो आहोत हे त्याला आत्ता कळलं. तो बायकोकडे वळला. आर्डिथ पेल्यातली नाणी शिस्तीत मोजत होती, जसं काही तिला ऐकूच आलं नव्हतं.

"मी खेळायला बसलेलो नाही," तो शेवटी म्हणाला. "हिला शिकवायला बसलोय. हिला अजून काही येत नाही."

"खरंच येत नाही," आर्डिथ म्हणाली.

तिचा हिशेब आधीच झालेला होता. तो गप्प राहिला असता तर फार तर पंधरा सेंट गेले असते; न राहवून बसला, तर त्याची खुर्ची परत मिळणार होती. तिने आपला पेला थोडा डावीकडे सरकवला, दोघांच्या मधोमध, आणि पाच नाणी उचलून त्याच्या काळ्या न झालेल्या बोटांत ठेवली.