पत्रिकेत नसलेला राग

मांडीवर पडलेल्या वहीलाही गाणं ऐकू येतं, असं तुम्हाला कधी वाटलंय का?

मी तशीच एक वही बोलतेय. ओवीच्या शाळेच्या वह्यांत उरलेली कोरी पानं तिच्या आईनं, दाक्षायणीनं, एका मे महिन्यात दाभणानं शिवली आणि मी झाले. माझी काही पानं चौकटींची, काही दुरेघी. बरेच दिवस माझ्यावर किराण्याच्या याद्याच उतरल्या. मग एकदा तिनं मला उलटं करून मागच्या पानावर लिहिलं, 'आज रेडिओवर बासरी. गार फरशीवर पाय ठेवल्यासारखं वाटलं.' त्या दिवसापासून मला झोपेतही काहीतरी वाजत असल्याचा भास होऊ लागला.

सोलापुरातल्या एका लहान दैनिकात तिला गाण्याबद्दल लिहायचं होतं. संपादक महेश्वर म्हणाले, "ताई, रविवारी वैजयंतीबाईंचं गाणं आहे. जमलं, तर दर आठवड्याचं काम तुमचं. पण संध्याकाळी सातला पान छपाईला जातं. आम्ही तर कार्यक्रमाच्या पत्रिकेवरूनच आधी लिहून ठेवतो की! पाहुण्यांची नावं घ्यायची, 'रसिक मंत्रमुग्ध' टाकायचं. झालं."

रविवारी दुपारी तिनंही तसंच केलं. पत्रिकेत यमन होता. तिनं माझ्यावर यमन रंगवला, टाळ्याही वाजवून टाकल्या. मला मात्र काहीच ऐकू आलं नाही.

साडेपाचला पडदा सरकला. वैजयंतीबाईंनी पहिला सूर लावला आणि दाक्षायणीनं माझं कोरं पान उघडलं. यमन तिच्या ओळखीचा होता. हा तो नव्हता.

शेजारी पेटीचे मास्तर शरणबसव बसले होते. ती कुजबुजली, "मास्तर, हा कुठला राग?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "आदी ऐका की, बाई. नाव काय पळून जातंय व्हय?"

मग ती ऐकत राहिली. मीही. अंधारात ती न बघताच लिहीत होती, ओळीवर ओळ चढत होती. माझ्या चौकटींच्या जणू खिडक्या झाल्या आणि त्यांतून संध्याकाळ आत येत राहिली.

पावणेसातला ती उठली. मास्तरांचे डोळे अजून मिटलेलेच होते. कचेरीत महेश्वरांनी नवं पान वाचलं: 'पत्रिकेत यमन होता. बाई दुसरंच गायल्या. तो राग मला ओळखता आला नाही. पण सूर दर वेळी दारापर्यंत यायचा आणि उंबऱ्याला न शिवता मागं फिरायचा.'

"समीक्षकच असं म्हणाला तर लोक हसतील की, ताई!" महेश्वरांनी मागं उलटून यमनाचं पान पाहिलं. "ते आधी लिहिलेलंच द्या."

"ते मी ऐकलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "हे नको असेल, तर काहीच छापू नका."

महेश्वरांनी घड्याळाकडे पाहिलं; सातला पाच कमी होते.

आता माझी थोडीच पानं उरलीत, दोराही सैल झालाय. लिहिणाऱ्यांकडे एवढंच मागणं आहे: आधी ऐका, मग आम्हाला उघडा.

त्या गाण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो मजकूर पाचव्या पानावर आला, राग न ओळखल्याच्या वाक्यासकट, आणि खाली दाक्षायणीचं नाव होतं.