झाकण खरं, टाकी खोटी

किनुए नागुराला नवी केलेली जुनी वस्तू बघितली की मळमळायचं. हामामात्सु स्टेशनच्या मागे तिची वाम मासे भाजून विकण्याची खानावळ होती आणि गल्ल्याशेजारी तीन जुन्या इकारी मोटारसायकली उभ्या असायच्या. तिच्या वडिलांकडे एकेकाळी इकारीची एजन्सी होती. कंपनी बुडाली, वडील माशांकडे वळले. न खपलेल्या गाड्या पुसत पुसत किनुए मोठी झाली. आता तिची साठी उलटली होती, जिभेची धार मात्र तसूभरही कमी झाली नव्हती.

मिक्काबीत एक इकारी विकायला निघालीय ही बातमी धाकट्या भावानं, यासुजीनं आणली. नेहमीची इकारी नव्हे, शर्यतीसाठी थोड्याच काढलेल्या गाड्यांपैकी एक. यासुजी फोटो बघूनच विरघळला होता.

"ताई, तोंड जरा आवर हं," गाडी चालवताना तो म्हणाला. "आपण खरेदीला चाललोय, भांडायला नाही."

"मी कधी भांडते? खरं बोललेलं लोकांना झोंबतं, त्याला मी काय करू?"

विकणारा सेकिमोतो. टोकियोत जाहिराती लिहायचा, तिथून कंटाळून इथं आला आणि संत्र्यांची जुनी वखार घेऊन त्यानं कारखाना थाटला. दारावर सुरेख अक्षरांत 'पुनर्जन्म' असं लिहिलेलं. किनुएनं पाटी वाचली आणि नाकानं हवा सोडली.

सेकिमोतो चामड्याचा एप्रन बांधून उभा होता. एप्रनवर तेलाचा एक डाग नव्हता.

"या बाई, या! तुमचं नाव ऐकून आहे." त्यानं पांढरी चादर ओढली. "चौपन्न सालची. शंभर टक्के अस्सल. मी फक्त तिचा आत्मा जागा केला."

गाडी खरोखर देखणी होती. गडद लाल टाकी, सोनेरी पट्ट्या, आरशासारखं क्रोम. यासुजीच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं.

"तोंड मीट, माशी जाईल," किनुए म्हणाली आणि गुडघ्याखाली पेपर घालून बसली.

तिनं पिशवीतून लोहचुंबक काढला आणि रुमालात गुंडाळून मागच्या मडगार्डवरून फिरवला. निम्म्या अंतरापर्यंत तो चिकटत होता, पुढं सटकन गळून पडला.

"इथं पत्रा नाही, पुट्टी आहे. लग्नातल्या नवरीनंसुद्धा एवढं थापलेलं नसतं."

"थोडा चेप होता बाई. भरावा लागतोच."

"आणि ही पट्टी? कारखान्यात पट्ट्या ब्रशनं मारायचे. वळणावर हात थांबायचा, तिथं रेघ जाड व्हायची. तू चिकटपट्टी लावून मारलीस. शाळेतल्या पोरीच्या वहीतला समास दिसतोय नुसता."

"पण सरळ रेघ छानच दिसते ना?" यासुजी पुटपुटला.

"तुला भिंतीवरची पालही छान दिसते."

सेकिमोतोचं हसू अजून टिकून होतं. तो आत गेला, चहा घेऊन आला, सोबत कुठल्याशा संघटनेचं सोनेरी कडांचं प्रमाणपत्र. किनुएनं चहा घेतला आणि प्रमाणपत्रावर कप ठेवला.

मग ती सीटखाली वाकली. टॉर्च लावून सांगाड्याचे सांधे एकेक करून बघत राहिली. इकारीवाले सांधे पितळ वितळवून जोडायचे, रंगाखालूनही कडेला एखादी पिवळी रेघ डोकावायची. इथं पितळाचा मागमूस नव्हता. नंबराची जागा काचेसारखी गुळगुळीत होती आणि आकडे शिपायांसारखे रांगेत उभे होते. हातोडीनं ठोकलेले आकडे असे उभे राहतात होय?

शेवटी ती टाकीच्या झाकणाशी आली. क्रोम अंगठ्याच्या जागी झिजून खालचा धातू दिसत होता. तिनं झाकण फिरवलं, हुंगलं, पुन्हा फिरवलं. तिचा चेहरा पहिल्यांदाच बदलला.

"झाकण खरं आहे."

"बघा!" सेकिमोतो उजळला.

"झाकण खरं, टाकी खोटी. ज्या टाकीवर हे चाळीस-पन्नास वर्षं उघडत-मिटत होतं, ती टाकी कुठंय?"

सेकिमोतोची नजर क्षणभर मागच्या दाराकडे गेली. किनुएला तेवढं पुरलं.

वखारीमागं, संत्र्यांच्या फुटक्या पेट्यांच्या आडोशाला ती पडली होती. खरी इकारी. टाकीचा रंग उडालेला, एका बाजूला मोठा चेप. वाकलेला सांगाडा गवतात रुतलेला. किनुएनं बोटानं माती खरवडली. सांध्यावर पितळ चमकलं. मग नंबर दिसला, त्यातला सात जरा कलंडलेला. आतल्या गाडीवर होता तोच नंबर.

"एका नंबराचे दोन सांगाडे," ती सावकाश म्हणाली. "पुनर्जन्म करायला आधी मेलेलं माणूस जाळतात तरी. तू प्रेत मागल्या दारी टाकलंस आणि नाव दुसऱ्याला चिकटवलंस."

"तो वाकलेला होता!" सेकिमोतोचा आवाज चढला. "कुणाला हवं होतं ते भंगार? दोन वर्षं घासलो मी. एकेक नळी स्वतः वाकवली, स्वतः जोडली. तुम्हाला सगळं फक्त कुजकंच हवं असतं!"

यासुजीला वाटलं, आता ताई त्याला सोलून काढणार. पण ती उठली, तडक आत गेली आणि सीटखाली पुन्हा टॉर्च मारला. या खेपेला ती पितळ शोधत नव्हती, नुसती जोडणी बघत होती. एकसारखी, बारीक, कुठं खंड नाही, कुठं फुगवटा नाही. चूक काढायला ती बराच वेळ धडपडली.

"जोडकाम चांगलं आहे," ती अखेर म्हणाली. दात उपटावा तसे शब्द निघाले. "इतकं चांगलं काम येतं, मग मेलेल्याचं नाव कशाला चोरतोस, मूर्खा? स्वतःचं घाल."

सेकिमोतोनं एप्रन सोडला आणि संत्र्याच्या पेटीवर टाकला.

त्या दिवशी किनुएनं मागचा सांगाडा, टाकी आणि ते झाकण विकत घेतलं. लाल गाडीतलं इंजिन मूळचंच होतं, तेही तिनं मागितलं. खोट्या नंबराची गाडी आता कुणाला विकणार, हे दोघांनाही कळत होतं. त्यानं मुकाट्यानं इंजिन उतरवून दिलं. नव्या सांगाड्यावरचे आकडे किनुएनं तिथंच, स्वतःच्या हातानं कानशीनं घासून टाकले. परतताना यासुजी हिरमुसून बसला होता.

"चकचकीत सोडून हे घेतलंस. लोक हसतील."

"हसू देत. त्यांची अक्कल दिसेल."

सांगाडा सरळ करून घ्यायला उन्हाळा गेला. रंगाला तिनं हात लावला नाही. ऑक्टोबरात हामाना तळ्याकाठी जुन्या गाड्यांचा मेळा भरला, तिथं तिनं इकारी उभी केली. चार गाड्या सोडून पलीकडे तीच लाल गाडी होती, दुसरं इंजिन बसवलेली. टाकीवरचं इकारी कंपनीचं नांगराचं चिन्ह गेलं होतं. तिथं लहान अक्षरांत 'सेकिमोतो' लिहिलेलं. गर्दी अर्थातच त्या लाल गाडीभोवती होती.

किनुए चहा आणायला गेली. परतली तर एक सुटाबुटातला माणूस तिच्या गाडीच्या चेपावर बोट आपटत होता.

"हे विकायला आणलंय की टाकायला? निदान धुवायचं तरी!"

"हात काढा." सेकिमोतो स्वतःची गर्दी सोडून तिथं येऊन उभा होता. त्याच्या आवाजात असा काही तुच्छपणा होता की माणूस चपापला. "धुवायला ही काय बशी आहे? बघायचं कसं ते कळत नसेल तर तिकडं माझी गाडी आहे, चकचकीत. तिच्यासमोर फोटो काढा आणि घरी जा. हा सांधा दिसतोय? हे तांबं आहे, त्या काळी—"

"पितळ!" किनुए मागून कडाडली. "चार महिन्यांपूर्वी सांगितलं तेही डोक्यात राहत नाही का? सरक बाजूला."

तो सरकला, पण गेला नाही. तिनं सांध्यावर टॉर्च धरला तेव्हा सुटातल्या माणसाच्या आधी तोच वाकला.