खोळीखालचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. पाळी सुटल्याचं सांगणारा कारखान्यातला भोंगा नव्हे, तर पूर आला की हाताने फिरवायचा, गळा काढणारा भोंगा. मित्रांनो, माझा आवाज ऐकून भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. पण खरं सांगायचं तर या सगळ्यांत भित्रा मीच. ज्याचं कामच घाबरवणं, त्याला स्वतःच्या आवाजाची किती धास्ती असते हे कुणी विचारत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, पोटात पंखा, बाजूला हँडल. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा छपरावरची कबुतरं उडाली आणि फोरमन कान चोळत म्हणाला, "पोराचा गळा खणखणीत आहे."

नदीकाठच्या पंपघराच्या गच्चीवर मला बसवलं. गच्चीखालून उतरत जाणारी वस्ती म्हणजे खालची आळी. पंप चालवणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्यासाठी एक नियम केला होता: पाणी आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तेल घालून हँडल फिरवतानाही तो आधी माझ्या तोंडात गोणपाट कोंबायचा. "याने एकदाही खोटं बोलायचं नाही," असं त्याने आपल्या मुलीला बजावलं होतं. पुढे तीच पंप चालवू लागली. आळी तिला मावशी म्हणते.

आळीतल्या शिंपीकाकांनी मला ताडपत्रीची खोळ शिवून दिली होती. पूर आला की मी ओरडायचो आणि ते आपल्या मशीनचं डोकं काखोटीला मारून सगळ्यांच्या आधी चढाच्या रस्त्याला लागायचे. त्यांच्यामागे आळी निघायची. पाणी ओसरल्यावर बायका वर येऊन माझ्या अंगावरून हात फिरवायच्या. ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं.

मग बरीच वर्षं नदी गप्प राहिली. मी गंजलो. आळीत नवे भाडेकरू आले, त्यांतल्या एकाने तर मला जुना ग्रामोफोन समजून भाव विचारला.

अशात आमच्या गावात मोठं प्रदर्शन भरलं. देशोदेशींचे कलाकार आले. त्यांनी काठावर प्लास्टिकच्या बाटल्यांचा देवमासा उभा केला, घरदार सोडून पळालेल्या माणसांचे रिकामे बूट पायऱ्यांवर मांडले. लोक ते बघत उभे राहायचे. त्यांतली एक कलाकार बाई गच्चीवर चढून आली. तिचं गाव पुरात गेलं होतं.

"याला वरच्या चौकात ठेवू," ती मावशीला म्हणाली. "ज्याला वाटेल त्याने फिरवायचं. अंगावर काटा आल्याशिवाय कळत नाही हो कुणाला."

मावशी थोडा वेळ खोळीची नाडी चाळवत राहिली. "बाबा नाहीच म्हणाले असते. पण या नव्या लोकांनी पूर बघितलाच नाहीये. ऐकू दे एकदा. वेळ आलीच तर चौकातूनही आळीपर्यंत आवाज जातो."

दोघींच्याही मनात चांगलंच होतं. मला चौकात नेलं, लाल रंग दिला. पहिल्यांदा मी ओरडलो तेव्हा शिंपीकाका मशीन काखोटीला मारून धापा टाकत वर आले. "काका, प्रदर्शन आहे," म्हणत लोकांनी त्यांना हसत हसत बसवलं, पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ते दुकानाच्या दारापर्यंत आले. त्यानंतर त्यांनी शिवणावरून मानही उचलली नाही.

मी खरा घाबरलो तो तेव्हा. मुलं रांग लावून मला फिरवत होती, कुणी माझ्यासोबत फोटो काढत होतं. मी जीव तोडून ओरडत होतो आणि घाबरत कुणीच नव्हतं. पण भोंग्याला गप्प बसता येत नाही, हँडल फिरलं की ओरडावंच लागतं.

एका दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. पाऊस झाला होता तो दूर, वरच्या डोंगरात. मावशी पंपघराकडून धावत आली. रांगेतल्या माणसाला बाजूला सारून तिने माझं हँडल धरलं.

"अहो मावशी, आमचा नंबर होता," तो म्हणाला.

"पाणी आलंय. पळा," मावशी म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तोही खेळातलाच भाग वाटला. ती फिरवत राहिली, मी आयुष्यात ओरडलो नव्हतो इतका ओरडलो. खाली आळीत एकही दार उघडलं नाही. एक बाई वाळत घातलेले कपडे सावकाश झटकत होती.

मग मावशीने एकच केलं. माझं हँडल उपसून काढलं आणि ते घेऊन उतारावरून धावत सुटली. कलाकार बाईला कळलं, तीही मागे धावली. मी मुका झालो. वरून मला फक्त लोखंड दारांवर आपटल्याचे आवाज येत होते आणि गल्लीच्या टोकाशी मातकट पाणी दिसत होतं. मित्रांनो, त्या वेळी मला वाटलेली भीती मला आजही सांगता येत नाही.

माणसं जीव मुठीत धरून वर येऊ लागली. शिंपीकाका सगळ्यात शेवटी आले, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून, कमरेपर्यंत भिजलेले. त्यांच्या काखेत मशीन नव्हतं. त्यांना माझ्या शेजारीच टेकवलं.

"काका, इतका वेळ भोंगा वाजत होता," मावशी म्हणाली, "ऐकू नाही आला?"

"आला की," ते म्हणाले. "रोज येतो."

कलाकार बाई खाली बसली आणि रडली. प्रदर्शन पुढच्या देशात गेलं तेव्हा तिने मला सोबत नेलं नाही. स्वतः गच्चीवर आणून ठेवलं.

शिंपीकाकांनी उसन्या मशीनवर मला नवी, पिवळीधमक खोळ शिवली. आता आळीत ठरलंय: खरंच पाणी आलं तर मावशी खोळ काढूनच हँडल फिरवणार, म्हणून भोंगा वाजला की आधी गच्चीकडे बघायचं. खोळ अंगावर असेल तर कुणीतरी खोडी काढतंय, खोळ नसेल तर पळायचं. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली आहे.

मला मात्र झोप लागत नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे, मदतीसाठी असलेल्या आवाजाशी खेळू नका आणि तो आला तर शहानिशा करत थांबू नका. नदी काही दिवसाउजेडीच येईल असं नाही. अंधारात खोळ दिसत नाही. तेव्हा तुमच्याजवळ फक्त माझं ओरडणं असेल.

तुम्ही उठाल ना?